हजेरीतली मेणबत्ती

तिसाहालोम, २० फेब्रुवारी १९९५

एमोके, राणी,

दहा वर्षं झाली गं! तुझा विश्वास बसतो का? माझा बसत नाही, पण आरसा ऐकून घेत नाही.

तर ऐक. शनिवार, १७ जून, दुपारी चार. आपला जुना वर्ग, पहिला मजला, नदीकडच्या खिडक्यांचा. इबोया बाई येणार आहेत, जुना हजेरीपट घेऊन. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि दहा वर्षांत काय केलं ते सांगायचं, दर मेळाव्याला असतं तसंच. मग 'मच्छीमार' खानावळीत जेवण. बदकाची तंगडी, तांबडा कोबी, मी आधीच सांगून ठेवलंय. पाच वर्षांच्या मेळाव्याला तू ताप आला म्हणून आली नाहीस. जूनमध्ये ताप! आम्ही काय दूधखुळे आहोत? या वेळी कारण चालणार नाही.

तुला एक काम देते, कारण तुझ्याइतकं सुवाच्य आणि काटेकोर कुणी नाही. वर्गाची पुस्तिका करायची आहे. प्रत्येकाला पत्र पाठव, चारच प्रश्न विचार: शिक्षण, नोकरी, लग्न-मुलं, छंद. गेलेर्त आता नगरपालिकेत निवडून आलाय, तो छापून घेईल. त्याच्या पानावर फोटो मोठा टाक, नाहीतर रुसेल.

मयत एकच, विल्लो शेरेश. तिच्या पानावर नाव आणि मेणबत्तीचं चित्र, बास. खरी मेणबत्ती मी माझ्या फुलांच्या दुकानातून आणते. मागच्या वेळी केकवरची गुलाबी लावावी लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझी,
किंगा

---

सेगेद, १ मार्च १९९५

प्रिय किंगा,

पुस्तिकेचं काम मी करते. पत्ते माझ्याकडे बहुतेक सगळ्यांचे आहेत.

पण तुझं पत्र वाचता वाचता मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. विल्लो गेली हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कधी गेली? कशाने? कुठे पुरलंय तिला? मी पाच वर्षांपूर्वी आले नाही ही माझी चूक, पण तुम्ही कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुला दोष देत नाही. म्हणजे, थोडा देतेय बहुधा.

मला तारीख हवी आहे. माझं काम तुला माहीत आहे, मी दिवसातून दोनदा नदीच्या पातळीचा आकडा वहीत लिहिते. अंदाजे काही लिहिलं तर मला झोप येत नाही. आणि फुलं वाहायला जायचं आहे. तेवढं तरी मी तिचं देणं लागते.

एमोके

---

तिसाहालोम, ९ मार्च १९९५

एमोके बाळा,

तुझं आपलं तेच! शाळेतही तू बाईंना शाईचा डाग पडला म्हणून माफीची चिठ्ठी द्यायचीस.

ऑस्ट्रियात गेली बिचारी. गाडीचा अपघात. तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली होती, त्या वर्षी सगळेच पळत होते ना तिकडे. तारीख कुणाला माहीत? ८९ टाक. गेलेर्तला कुणीतरी सांगितलं, त्याने आम्हाला सांगितलं. थडगं तिकडेच असेल. तू आता सरहद्द ओलांडून फुलं वाहायला जाऊ नकोस, फुलं हवी तर माझ्याकडून घे आणि घरात ठेव.

तिच्या आईला मुळीच लिहू नकोस. जखमेवरची खपली कशाला काढायची? खरं सांगू, विल्लो गेली याचं वाईट वाटतं, पण हसूही येतं. वर्गात तिच्यामुळे आपण जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवायचो, आठवतं? स्वर्गात तरी हवा खेळती असेल.

बरं, तुझी पुस्तिका कुठवर आली?

किंगा

---

सेगेद, १४ मार्च १९९५

आदरणीय शेरेश काकू,

तुम्ही मला ओळखणार नाही. मी विल्लोची वर्गमैत्रीण. हजेरीत तिच्यामागोमाग माझं नाव यायचं.

तिच्या अपघाती निधनाची बातमी मला सहा वर्षांनी, आत्ता कळली. इतक्या उशिरा सांत्वनाचं पत्र लिहिणं म्हणजे तुमचं दुःख पुन्हा ढवळणं आहे, आणि मला तसं करू नकोस असं सांगितलंही गेलं आहे. पण न लिहिणं मला जास्त घाण वाटलं. तिला कुठे पुरलं आहे एवढं कळवाल का? तारीखही. जूनमध्ये वर्गाचा मेळावा आहे, तिच्या नावाने मेणबत्ती लावणार आहेत, आणि तिच्या पानावर मला काहीही चुकीचं लिहायचं नाही.

विल्लो फार सहनशील मुलगी होती.

तुमची नम्र,
एमोके शिपोश

---

किशरेत, २७ मार्च १९९५

एमोके शिपोश,

आईला आलेलं पत्र मी फोडलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती मात्र खरीच गेली, मी स्वतः तिच्यावर माती टाकली. टपालवाल्या बाईने तुझं पत्र इकडे पाठवलं, कारण शेरेशची पोरगी कुठे राहते ते तिला माहीत आहे. तिसाहालोममध्ये सगळ्यांनाच माहीत आहे. तीस किलोमीटर अंतर आहे, स्वर्ग नव्हे.

तर मी मेले. कशाने गं? 'अपघाती' लिहिलंयस म्हणजे काहीतरी चाकाचं असणार. तारीख विचारतेस, मी तरी कुठून सांगू? त्या दिवशी मी कामावर असणार. मी रोजच कामावर असते. इथल्या बदकांच्या कारखान्यात, आतडी काढायच्या टेबलावर, नऊ वर्षं.

तुझ्या त्या किंगाला मी मेले नसल्याचं चांगलं ठाऊक आहे. नाताळच्या आधी ती आमच्या कारखान्याच्या दुकानात आली होती. त्या आठवड्यात दुकानातली बाई आजारी होती म्हणून मला काचेमागे उभं केलेलं. किंगाने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. ती म्हणाली, "अहो, या तंगड्या आजच्या आहेत का?" मी म्हटलं, "आजच्याच." ती म्हणाली, "चार द्या." चार वर्षं मी तिच्या पुढच्या बाकावर बसले, आणि मला 'अहो' म्हणाली. मी चार बांधून दिल्या. मला वाटलं, लाज वाटली असेल. आता कळलं, भुताशी बोलायची रीत असणार ती.

आणि तू मैत्रीण? हा शब्द तू कुठून आणलास? आणि 'सहनशील'! त्या शब्दावर मी थुंकले, खरोखरच, चुलीत.

विल्लो शेरेश
(हयात)

---

सेगेद, ३ एप्रिल १९९५

प्रिय विल्लो,

तू जिवंत आहेस. हे वाक्य मी सात वेळा कागदावर लिहून फाडलं, कारण त्याच्यापुढे जे लिहायचं ते जुळेना.

'मैत्रीण' हा शब्द मी मागे घेते. 'सहनशील'सुद्धा. दोन्ही शब्द लिहिताना मला आतून कळत होतं की हे बरोबर नाही, तरी लिहिले, कारण ते लिहायला सोपे होते.

माझ्या टेबलावर एकोणीस जणांची उत्तरं आली आहेत. एकाने शिक्षण, नोकरी, लग्न या तिन्हींपुढे आपल्या मोटारीचा नमुना लिहिलाय. एकीने व्हिएन्नाहून 'मी सुखी आहे' असं तीनदा लिहून खाली रेघ मारलीय. गेलेर्तने छंदापुढे 'समाजसेवा' लिहिलंय. किंगाने स्वतःचं पान स्वतःच लिहून पाठवलंय, त्यात 'माणसांची मनं जपणारी' असं आहे. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतेय.

आम्ही सगळ्यांनी त्या वर्षी तुझ्याशी जे केलं ते अत्यंत हिडीस होतं. त्याची आम्हा सगळ्यांना शरम वाटायला हवी. मेळाव्यात मी उभी राहून सांगेन की तू जिवंत आहेस. तू आलीस तर मी स्वतः तुला न्यायला येईन.

एमोके

---

किशरेत, १२ एप्रिल १९९५

एमोके,

'आम्ही सगळे' ही लपायला बरी जागा आहे. तीस जण मावतात.

तू सगळं सांगत नाहीस, तर मी सांगते. निरोपाचा दिवस, मे महिन्यातला पहिला शनिवार. परीक्षा दोन दिवसांवर. पांढरे सदरे, निळे झगे, प्रत्येकाच्या खांद्याला भरतकाम केलेली झोळी, तिच्यात मीठ, खारे पाव आणि शाळेच्या अंगणातली चिमूटभर माती. झोळ्या सकाळपासून वऱ्हांड्यातल्या खुंट्यांवर टांगलेल्या. मग सगळा वर्ग एका रांगेत, हजेरीच्या क्रमाने, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, गाणी म्हणत वर्गावर्गातून आणि शेवटी अंगणात. दोन्ही बाजूंना आईबाप फुलं घेऊन. माझी आई पहिल्यांदाच शाळेत आली होती. हात लिंबाने घासून आली होती, पिसं उपटायचा वास जावा म्हणून.

माझी झोळी जड होती. मला वाटलं, माती जास्त भरली असेल. जिन्यावर ती गळायला लागली. अंगणात येईपर्यंत माझ्या सदऱ्याची एक बाजू, झगा, मोजा, सगळं भिजलं. बदकाची आतडी, दोन दिवसांची. ती काय असतात ते मला घरूनच माहीत होतं, वासावरून ओळखलं. तरीही मी चालत होते. का माहितीये? खांद्यावर हात होता म्हणून. मला वाटलं, हा हात आहे तोवर रांग आहे, रांग आहे तोवर कुणाला दिसणार नाही.

आणि मग तो हात उचलला गेला.

मागे रांग थांबली. पुढचे चालत राहिले. अंगणाच्या मधोमध मी एकटी, आजूबाजूला दोन-दोनशे माणसं, आणि इबोया बाई लांबून ओरडतायत, "रांग जुळवा! रांग जुळवा!" मी फाटकातून बाहेर गेले. परीक्षेला आले नाही. पुढचं तुला ठाऊक आहे, ते मी रोज टेबलावर काढते.

हात कुणाचा होता, एमोके?

उत्तर असेल तर लिही, नाहीतर नको. आणि मला जिवंत करायला जाऊ नकोस. सगळा वर्ग माझ्या नावाने मेणबत्ती लावणार, असं तूच लिहिलंस ना? आजवर त्यांनी माझ्यासाठी केलेली ही एकमेव सभ्य गोष्ट आहे. ती राहू दे. तुझे हात धुवायला मला कबरीतून उठवू नकोस.

विल्लो

---

सेगेद, २० एप्रिल १९९५

किंगा,

विल्लो जिवंत आहे हे तुला माहीत आहे. तू तिच्याकडून चार तंगड्या विकत घेतल्यास. मला फक्त एवढं सांग, मेणबत्ती कुणी आणि का लावली? गोल गोल बोलू नकोस.

एमोके

---

तिसाहालोम, २ मे १९९५

एमोके,

बाई गं, काय तो सूर! पोलिसात भरती झालीस का?

ठीक आहे, ऐक. नव्वद साली बाई हजेरी घेत होत्या. "शेरेश विल्लो." कुणी बोलेना. बाईंनी चष्मा काढला, म्हणाल्या, "कुणाला काही ठाऊक आहे का तिचं?" पुन्हा कुणी बोलेना. तू नव्हतीस म्हणून तुला कल्पना नाही, ती शांतता इतकी वाईट होती की मला घाम फुटला. सगळे बाकावर नखाने कोरत होते. तेवढ्यात गेलेर्त म्हणाला, "बाई, ती गेली. ऑस्ट्रियात." का म्हणाला, देव जाणे. त्याला ते संपवायचं होतं. आम्हा सगळ्यांनाच संपवायचं होतं. आणि बाई रडायला लागल्या ना! अशा रडल्या की आता 'नाही हो, थट्टा केली' असं कोण म्हणणार? मग केकवरची मेणबत्ती काढली, लावली, उभे राहिलो. एकदा मेणबत्ती लावल्यावर माणसाला परत जिवंत कसं करायचं, तूच सांग.

नंतर अंगणात आम्ही सगळे म्हटलोच की गेलेर्त महाबिलंदर आहे. पण कुणाचं काय नुकसान झालं? तिलाही नको आहे आम्हाला भेटायला. बाईंना बरं वाटतं. दिवस चांगला जातो.

बाईंना काही सांगायचं नाही हं. त्यांचं हृदय नाजूक आहे. आणि कोबी गोड हवा की आंबट, ते कळव.

किंगा

---

सेगेद, १९ जून १९९५

विल्लो,

उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. हात माझा होता.

हजेरीत तुझ्यानंतर माझं नाव, म्हणून रांगेत तुझ्यामागे मी. एवढंच नाही. त्या सकाळी मी गेलेर्तला खुंट्यांपाशी पाहिलं होतं. त्याच्या हातात मेणकापडाची गुंडाळी होती. त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मी मान हलवली. नुसती गप्प राहिले असं नाही, मान हलवली. मग जिन्यावर मला वास आला. तेव्हाही तुझ्या कानाशी वाकून सांगता आलं असतं, झोळी टाक म्हणून. मी गाणं म्हणत राहिले. आणि ते पाणी जेव्हा झोळीच्या पट्ट्यात मुरत माझ्या बोटांपर्यंत आलं तेव्हा मला किळस आली. शिक्षा म्हणून नाही, ठरवून नाही, निव्वळ किळस. हात आपोआप उठला. तो मी परत ठेवला नाही, ते मात्र आपोआप नव्हतं.

कारण काय, याचा मी दहा वर्षं विचार केलाय. चौथीपर्यंत मी नदीच्या बांधावरच्या रखवालदाराच्या घरात आजोबांपाशी शिकले. वर्ग म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. शाळेत आले तेव्हा आजोबांचे कापलेले रबरी बूट घालून आले आणि सगळे हसले. पुढे आपल्या वर्गात तू आलीस. खिडक्या तुझ्यासाठी उघडायला लागल्या आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. तुझ्या वासाच्या मागे मी सुखाने राहत होते, विल्लो. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण मोजपट्टी हेच दाखवतेय.

आता शनिवारचं सांगते. तू सांगितलंस ते मी मोडलं नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं नाही. तुला खरं वाटो न वाटो.

वर्गात अत्तर आणि ताज्या रंगाचा वास होता. बावीस जण आले होते. बाई फार थकल्या आहेत, हजेरीपट धरायला दोन्ही हात लागतात. एकेक जण उठून बोलत होता. इतकं खोटं मी एका बैठकीत कधी ऐकलं नव्हतं. ज्याचं घर कर्जापायी गेलं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तो 'आम्ही हवापालट केला' म्हणाला. गेलेर्त सर्वांत जास्त बोलला, बाकावर टेकून, मधूनमधून पोटावरून हात फिरवत. शेवटी म्हणाला, "मी आजही तोच खोडकर पोरगा आहे, बाई!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाई म्हणाल्या, "शेरेश विल्लो."

किंगा आधीच उठली होती. पांढरी, जाड, कागदी लेसमधली मेणबत्ती. तिने ती टेबलावर ठेवून पेटवली. सगळे उठले, माना खाली घातल्या. मी बसून राहिले. किंगा ओठ न हलवता म्हणाली, "ऊठ ना गं, बरं दिसत नाही." मी उठले नाही. ते मिनिट संपलं, बाकं वाजली, आणि बाई म्हणाल्या, "शिपोश एमोके."

तेव्हा उठले. बाकाला धरून उभी राहिले. शिक्षण, नोकरी, लग्न, छंद यांतलं काही सांगितलं नाही. त्या दिवशी मी काय पाहिलं, मान कशी हलवली आणि हात कसा उचलला तेवढं सांगितलं. झोळीत काय होतं ते सांगितलं. ते कुणी ठेवलं तेही, नाव घेऊन. तू जिवंत आहेस असं एका शब्दानेही म्हटलं नाही.

आधी कुणीतरी हसलं. मग एक जण म्हणाला, "एमोके, सोड ना, पोरकटपणा होता तो." किंगा म्हणाली, "जेवणाआधी आतड्यांचं काय काढलंस!" गेलेर्तचा चेहरा लाल झाला. तो उठला आणि जे म्हणाला ते शब्दशः लिहिते: "अगं ए, रडतेस काय मड्यावर रडल्यासारखी? मेलं कोण? ती किशरेतला बदकं सोलतेय, धडधाकट आहे! परवाच मी तिला बसथांब्यावर पाहिलं!"

विल्लो, एकही माणूस दचकला नाही. मी चेहरे बघत होते. बावीस जणांपैकी कुणीही वळून विचारलं नाही, 'काय? जिवंत आहे?' दोघी-तिघी फक्त गेलेर्तकडे रागाने बघत होत्या, बोलायला नको होतंस अशा. मेणबत्ती जळत होती.

दचकल्या त्या फक्त बाई. म्हणाल्या, "जिवंत आहे?" मग म्हणाल्या, "मी दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, तिच्यासाठीही दिवा लावते. पाच वर्षं. माझ्या आईच्या शेजारी लावते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी मी रांग जुळवा म्हणून ओरडले होते. मला वाटलं, पोरी मस्ती करतायत. मी जवळ गेले नाही. तिचे कपडे खराब झाले होते, आणि मी नवा झगा घातला होता."

त्यांनी मेणबत्ती विझवली, दोन बोटांनी, फुंकर न मारता. पेन काढलं. हजेरीपटात तुझ्या नावापुढे छोटा क्रूस होता, तो खोडला आणि शेजारी लिहिलं: 'गैरहजर'. मग पुढचं नाव पुकारलं. आवाज चांगला लागला नाही, पण शेवटच्या नावापर्यंत हजेरी घेतली.

खानावळीत मी दारापर्यंत गेले. ताटं मांडली होती. तंगड्यांवरची, तुमच्या कारखान्याचा शिक्का असलेली चिठ्ठी एका ताटाला चिकटून राहिली होती, आणि गेलेर्त ती काट्याने सोडवत होता, हसत होता, बोटं चाटत होता. मी दारातूनच वळले आणि नदीच्या बाजूच्या रस्त्याने स्टेशनवर गेले.

पुस्तिका मी पूर्ण केली नाही. सगळी पानं किंगाला परत पाठवली. मेणबत्ती मात्र माझ्या पिशवीत आहे. बाईंनी दिली. टाकायला धीर होत नाही आणि घरात ठेवायला किळस येते.

तू आणखी काही विचारलंस तर मी खरं सांगेन. माफी मागत नाही, कारण मागितली की ती द्यायचं ओझं तुझ्यावर येतं.

एमोके

---

किशरेत, २८ जून १९९५

एमोके,

गैरहजर. हो, ते बरोबर आहे. म्हातारीने शेवटी एक नोंद नीट केली. तिने मला पत्रही लिहिलंय, तीन पानं, थरथरत्या अक्षरात. अजून पुरतं वाचलं नाही. वाचेन.

तू बोललीस ते बरं केलंस की वाईट, माहीत नाही. दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते, कारण आता मी मेलेली नाही, आणि मेलेलं असण्याची मला सवय झाली होती. काल आमच्या टेबलावरची योलान म्हणाली, "काय गं, आज शिट्टी वाजवतेस?" मला कळलंच नव्हतं.

हात तुझा होता हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मी मागे वळून पाहिलं होतं. तुला ते दिसलं नाही, कारण तू तुझी बोटं बघत होतीस. बोटं पुसायला काही मिळतंय का, ते शोधत होतीस.

मेणबत्ती टाकू नकोस. इथे वादळ आलं की वीज जाते, कामी येईल. पाठवायला नको, घेऊन ये. शनिवारी पाळी दोनला सुटते. बसथांबा फाटकासमोरच आहे, गेलेर्त सांगेल, त्याला ठाऊक आहे. आम्ही रांगेने बाहेर पडतो, हजेरीच्या कार्डाचं यंत्र एकच असल्यामुळे. वास तुला थांब्यावरच येईल. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, आईचाही गेला नव्हता.

ये आणि माझ्यामागे उभी राहा. तुझा हात काय करतो ते बघू.

विल्लो